बापाऐवजी गावाचे नाव देणारा क्लिस्थेनिस

शाळेच्या पुस्तकात ग्रीस देश आला की आपल्या मुलांसमोर ठरलेली चित्रे येतात. संगमरवराचे खांब, ऑलिम्पिकचे खेळ, सॉक्रेटिसचा विषाचा प्याला, सिकंदराची स्वारी. त्यातच कुठेतरी एक वाक्य असते की, लोकशाहीचा जन्म अथेन्स नगरीत झाला. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. जन्म झाला म्हणजे नेमके काय झाले, तो कोणी घडवून आणला, कोणाच्या विरोधात घडवला आणि त्यासाठी काय मोडावे लागले, हे प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही. आणि हे प्रश्न विचारले नाहीत तर लोकशाही म्हणजे पाच वर्षांतून एकदा बोटाला लागणारी शाई, एवढेच मुलांना कळते.

ज्या माणसाने हे काम केले त्याचे नाव क्लिस्थेनिस. जगाचा इतिहास त्याला अथेन्सच्या लोकशाहीचा जनक म्हणून ओळखतो. इ.स. १९९३ मध्ये त्याच्या सुधारणांना अडीच हजार वर्षे झाली, त्या निमित्ताने परदेशात प्रदर्शने आणि परिषदा भरल्या. आपल्याकडे मात्र पेरिक्लीसचे नाव माहीत असते, सोलनचे थोडेफार माहीत असते आणि क्लिस्थेनिसपाशी मास्तर पान उलटतात. वास्तविक जातीच्या देशात राहणाऱ्या विद्यार्थ्याने ग्रीसमधल्या कोणा एका माणसाचे चरित्र वाचायचे ठरवले तर ते याचेच वाचावे. कारण माणसाची ओळख जन्मावरून ठरवणारी व्यवस्था राजकारणातून कशी हद्दपार करता येते, याचा मोठा प्रयोग त्याने करून दाखवला. तो प्रयोग कुठे यशस्वी झाला आणि कुठे फसला, हे दोन्ही आपण समजून घेतले पाहिजे.

डाग लागलेले घराणे

क्लिस्थेनिसचा जन्म इ.स.पू. ५७० च्या सुमारास अल्कमिओनिड नावाच्या बड्या घराण्यात झाला. तो गोरगरिबांतून वर आलेला नव्हता, हे आधीच सांगून टाकलेले बरे. त्याच्या घरात पैसा होता, शर्यतीचे घोडे होते, परराज्यातील सत्ताधीशांशी सोयरीक होती. पण या घराण्याला एक डाग चिकटलेला होता. इ.स.पू. ६३२ च्या सुमारास सायलॉन नावाच्या सरदाराने अथेन्सचा गड, म्हणजे ॲक्रोपोलिस, बळकावून हुकूमशहा होण्याचा प्रयत्न केला. तो फसला. त्याची माणसे देवीच्या आश्रयाला जाऊन बसली. जिवाला धक्का लावणार नाही असे वचन देऊन त्यांना बाहेर काढले आणि नंतर कापून टाकले. त्या वेळी सत्तेवर असलेला मेगाक्लीस हा क्लिस्थेनिसचा पूर्वज. शरण आलेल्यांचे रक्त सांडल्यामुळे सगळे घराणेच अपवित्र ठरवले गेले. जिवंत माणसांना देशोधडीला लावले आणि मेलेल्यांची हाडेसुद्धा थडग्यातून उकरून हद्दीबाहेर फेकली.

गुन्हा एका पिढीने केला, पण विटाळ मात्र पुढच्या साऱ्या पिढ्यांना लागला. सुमारे दोनशे वर्षे या घराण्याचे विरोधक गरज पडेल तेव्हा हा डाग उकरून काढत राहिले. इ.स.पू. ४३२ मध्ये स्पार्टाने पेरिक्लीसला अडचणीत आणण्यासाठी पुन्हा हेच हत्यार उपसले, कारण त्याची आई याच घराण्यातली. अर्थात या घराण्याच्या विटाळाची आणि आपल्याकडच्या अस्पृश्यतेची बरोबरी होऊ शकत नाही. त्यांच्याजवळ धन होते, सत्ता होती आणि डागामागे खराखुरा गुन्हा होता. आपल्या पूर्वजांजवळ यातले काहीच नव्हते. तरीही धर्माच्या नावाने लावलेला डाग हे राजकारणाचे हत्यार असते, ही गोष्ट क्लिस्थेनिसने आपल्या घरातच पाहिली होती.

त्याची आई अगारिस्ती ही सिसिऑन या दुसऱ्या नगरराज्याची. तिचा बाप तिथला हुकूमशहा, त्याचेही नाव क्लिस्थेनिसच. या आजोबाने आपल्या राज्यात एक विचित्र गोष्ट केली होती. तिथल्या डोरियन जमातींची जुनी नावे काढून त्याने त्यांना डुक्कर, गाढव आणि डुकराचे पिल्लू यांच्यावरून नावे दिली आणि स्वतःच्या जमातीला मात्र लोकांवर राज्य करणारे असे नाव घेतले. इतिहासकार हेरोडोटस सांगतो की, ही नावे त्या आजोबाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे तशीच चालू राहिली. नाव देण्याची सत्ता म्हणजे काय, हे आपल्या वाचकांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ज्याच्या हातात लेखणी आणि तलवार असते, तो दुसऱ्याच्या पोरांची नावेसुद्धा ठरवतो. आजोबाने नावे बदलली ती लोकांना हिणवण्यासाठी. नातवानेही पुढे नावे बदलली, पण ती कोणी कोणाला हिणवू नये म्हणून.

सत्ता, परागंदा आणि मंदिराचा ठेका

अथेन्सची तेव्हाची स्थिती समजून घ्यायची तर सोलनपासून सुरुवात करावी लागते. इ.स.पू. ५९४ मध्ये सोलनने कर्जापायी गुलाम झालेल्या शेतकऱ्यांना मुक्त केले आणि माणसाचे शरीर गहाण ठेवून कर्ज देण्याची प्रथाच कायद्याने बंद केली. गहाणाची खूण म्हणून शेतात रोवलेले दगड उपटले गेले. सोलनने पदे जन्मावर न ठेवता उत्पन्नावर ठेवली. हे मोठेच पाऊल होते. पण लोकांची नोंद अजूनही चार जुन्या जमातींमध्येच होत होती आणि या जमाती वंशावर उभ्या होत्या. तुमचा बाप ज्या कुळातला, त्या कुळाच्या बड्या घराच्या मागे तुम्ही उभे राहायचे. डोंगराकडचा गरीब धनगर, किनाऱ्यावरचा कोळी आणि शहरातला कुंभार हे तिघे आपापल्या सरदाराच्या झेंड्याखाली एकमेकांशी भांडत राहायचे. या भांडणाचा फायदा घेऊन पिसिस्ट्राटस हुकूमशहा झाला आणि इ.स.पू. ५२७ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा हिप्पियास सत्तेवर आला.

अल्कमिओनिड घराण्याचे लोक पुढे सांगत की, हुकूमशाहीच्या सबंध काळात आम्ही परागंदा होतो. हेरोडोटसनेही तसेच लिहून ठेवले. पण विसाव्या शतकात अथेन्सच्या जुन्या बाजारपेठेत झालेल्या उत्खननात अधिकाऱ्यांच्या यादीचा फुटका शिलालेख सापडला आणि त्यात इ.स.पू. ५२५ चा प्रमुख अधिकारी म्हणून क्लिस्थेनिसचे नाव निघाले. म्हणजे हुकूमशहाच्या राजवटीत त्याने पद भोगले होते. घराण्याने सांगितलेला इतिहास आणि दगडाने सांगितलेला इतिहास यात फरक पडला. इतिहास वाचताना तो कोणी सांगितला हे विचारावे, ही शिकवण या एका दगडातून मिळते. मोठ्या माणसाची सत्तेशी झालेली तडजोड लपवून त्याचे मोठेपण वाढत नाही.

नंतर मात्र हिप्पियासशी बिनसले. इ.स.पू. ५१४ मध्ये हिप्पियासचा भाऊ हिप्पार्कस याचा खून झाला आणि राजवट अधिकच जुलमी झाली. अल्कमिओनिड परागंदा झालेले होतेच. त्यांनी डेल्फी येथील अपोलोच्या मंदिराच्या बांधकामाचा ठेका घेतला. हे मंदिर इ.स.पू. ५४८ मध्ये जळाले होते. करारात साधा दगड ठरला असताना या मंडळींनी समोरची बाजू पॅरोस बेटाच्या उंची संगमरवरात बांधून दिली. त्यानंतर डेल्फीच्या पुजारणीच्या तोंडून स्पार्टाच्या लोकांना एकच देववाणी ऐकू येऊ लागली, ती म्हणजे अथेन्सला मुक्त करा. पुजारणीला पैसे चारले होते, असे त्या काळीही बोलले जात होते. देव कोणाच्या बाजूने बोलतो हे मंदिराचा खर्च कोण करतो यावर ठरते, ही गोष्ट अडीच हजार वर्षांपूर्वीही गुपित नव्हती. अखेर इ.स.पू. ५१० मध्ये स्पार्टाचा राजा क्लिओमेनीस फौज घेऊन आला आणि हिप्पियासला अथेन्स सोडावे लागले.

नेता परागंदा, लोक मैदानात

हुकूमशहा गेला, पण लोकशाही आली नाही. हुकूमशहा जाणे आणि लोकशाही येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आता बड्या घराण्यांत सत्तेसाठी रस्सीखेच सुरू झाली. एका बाजूला क्लिस्थेनिस, दुसऱ्या बाजूला इसागोरस. याच काळात नागरिकांच्या यादीची छाननी झाली आणि ज्यांचा वंश शुद्ध नाही अशा अनेकांना यादीतून वगळण्यात आले. हुकूमशहाच्या काळात येऊन स्थायिक झालेले कारागीर, बाहेरून आलेली कुटुंबे, मिश्र जन्माचे लोक हे सगळे एका फटक्यात बेवारस झाले. रक्ताची शुद्धता तपासून माणसाचा हक्क काढून घेण्याचा हा खेळ किती जुना आहे, ते पाहा.

इ.स.पू. ५०८ मध्ये इसागोरस प्रमुख अधिकारी म्हणून निवडून आला. बड्या घराण्यांच्या राजकारणात क्लिस्थेनिस हरला. आणि हरल्यावर त्याने असे काही केले की जे त्याच्या वर्गातल्या कोणी केले नव्हते. ज्या सामान्य लोकांना आजवर कोणी मोजत नव्हते, त्यांना त्याने आपल्या बाजूला घेतले आणि त्यांच्यासमोर राज्यरचना मुळापासून बदलण्याचा प्रस्ताव ठेवला. यात त्याचा स्वार्थ होता का? होता. हेरोडोटसनेही ते लपवलेले नाही. पण इतिहासात माणसाच्या मनातला हेतू आणि त्याच्या हातून झालेले काम यांचे हिशेब वेगवेगळे मांडावे लागतात. स्वार्थासाठी लोकांजवळ जाणारे पुढारी पुष्कळ असतात. लोकांजवळ जाऊन लोकांच्या हाती खरोखर काही देणारा क्वचित निघतो.

इसागोरस घाबरला. त्याने स्पार्टाच्या क्लिओमेनीसला पुन्हा बोलावले. क्लिओमेनीसने जुना डाग उकरला आणि अपवित्र घराण्याला हाकला असा निरोप पाठवला. क्लिस्थेनिस गुपचूप निघून गेला. क्लिओमेनीस थोडी फौज घेऊन शहरात आला, त्याने सातशे कुटुंबांना हद्दपार केले, लोकांचे मंडळ बरखास्त करून इसागोरसच्या तीनशे बगलबच्च्यांच्या हाती सत्ता देण्याचा घाट घातला. इथे जे घडले ते इतिहासात प्रथमच घडले. मंडळाने हुकूम मानायला नकार दिला आणि शहरातले लोक उठले. नेता गावात नव्हता. त्याचे साथीदार हद्दपार होते. पुढे होऊन हुकूम देणारा कोणी सेनापती होता असे इतिहास सांगत नाही. तरीही लोकांनी ॲक्रोपोलिसला वेढा घातला. क्लिओमेनीस आणि इसागोरस गडावर कोंडले गेले. दोन दिवस वेढा चालला. तिसऱ्या दिवशी स्पार्टाच्या राजाने तह केला आणि ग्रीसमधली सर्वांत बलाढ्य मानली जाणारी ती फौज शहराबाहेर निघून गेली. इसागोरस निसटला. त्याच्या अनेक साथीदारांना देहदंड झाला. मग लोकांनी क्लिस्थेनिसला आणि त्या सातशे कुटुंबांना परत बोलावले.

हा प्रसंग विद्यार्थ्यांना सांगताना एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. क्लिस्थेनिसने लोकांना लोकशाही दिली हे अर्धे सत्य आहे. उरलेले अर्धे असे की, लोकांनी ती तीन दिवसांत स्वतःच्या बळावर वाचवली आणि मगच क्लिस्थेनिसला काम करता आले. जी चळवळ नेता नसताना घरी बसते, तिला पुतळे मिळतात, हक्क मिळत नाहीत.

वंश मोडण्याचे गणित

परत आल्यावर क्लिस्थेनिसने जे केले ते गणितासारखे शिस्तबद्ध होते. वंशावर उभ्या असलेल्या चार जुन्या जमातींचे राजकीय महत्त्व त्याने संपवले. अथेन्स नगर आणि भोवतालचा सगळा मुलूख, ज्याला ॲटिका म्हणतात, त्यातली प्रत्येक गाव-वस्ती हा राज्याचा पाया ठरला. अशा वस्त्यांना देमोस म्हणत. अभ्यासकांनी त्यांची संख्या १३९ मोजली आहे. ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशी जो जिथे राहत होता, तो त्या वस्तीचा सदस्य. कोणत्या कुळातला, हा प्रश्नच नाही.

मग त्याने मुलखाचे तीन पट्टे केले. शहराचा, किनाऱ्याचा आणि आतल्या डोंगर-शेतीचा. प्रत्येक पट्ट्यातल्या वस्त्यांचे दहा गट पाडले. असे एकूण तीस गट झाले. चिठ्ठ्या टाकून शहराचा एक, किनाऱ्याचा एक आणि आतला एक असे तीन गट एकत्र केले आणि त्यांची एक नवी जमात बनवली. अशा दहा जमाती. एकाच जमातीत शहरातला कुंभार, किनाऱ्यावरचा कोळी आणि डोंगरातला धनगर असे तिघेही आले. आता त्यांनी एकत्र बसायचे, एकत्र मंडळावर जायचे आणि लढाईत एका रांगेत उभे राहायचे. जुन्या सरदारांची प्रत्येकी एका पट्ट्यातली मक्तेदारी अशी तीन तुकड्यांत विखुरली गेली. नव्या जमातींना दहा पुराणवीरांची नावे दिली. शंभर नावांच्या यादीतून ही दहा नावे डेल्फीच्या पुजारणीने निवडली. कोणाचे नाव उंच नाही, कोणाचे नीच नाही. आजोबाच्या डुक्कर-गाढवांचे उत्तर नातवाने असे दिले.

त्याहून मोठी गोष्ट नावाची. ॲरिस्टॉटलच्या शाळेतून आलेल्या अथेन्सच्या राज्यघटनेवरील ग्रंथात असे सांगितले आहे की, नव्याने नागरिक झालेले लोक बापाच्या नावावरून ओळखू येऊ नयेत, म्हणून क्लिस्थेनिसने माणसाला त्याच्या गावाच्या नावाने हाक मारण्याची रीत घातली. या नव्या नागरिकांत परके होते आणि मुक्त झालेले गुलामही होते, असे ॲरिस्टॉटलने आपल्या राज्यशास्त्राच्या ग्रंथात नोंदवले आहे. विचार करा. बापाचे नाव विचारले की वंश कळतो, वंश कळला की किंमत ठरते. म्हणून नावातूनच वंश काढून टाकण्याची ही युक्ती. मुलाखतीत किंवा भाड्याचे घर शोधताना ज्याला आडनाव विचारले गेले आहे, त्याला या सुधारणेचे मोल कोणत्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळेल.

अथेन्सच्या राज्यघटनेवरचा हा ग्रंथ शेकडो वर्षे हरवला होता. इजिप्तमधल्या एका शेतमळ्याच्या जमाखर्चाच्या कागदांच्या पाठीवर तो उतरवलेला सापडला आणि ब्रिटिश म्युझियमने तो इ.स. १८९१ मध्ये, म्हणजे बाबासाहेबांच्या जन्माच्या वर्षी, प्रसिद्ध केला.

या दहा जमातींतून प्रत्येकी ५० याप्रमाणे ५०० लोकांचे मंडळ तयार झाले. मोठ्या वस्तीचे सदस्य जास्त, लहान वस्तीचे कमी, पण अगदी छोट्या वस्तीचाही माणूस मंडळावर जाणार. जनसभेपुढे कोणते विषय यायचे ते हे मंडळ ठरवी. पुढील काळात हे सदस्य सोडतीने निवडले जाऊ लागले. पैशाच्या बळावर निवडून येण्याचा प्रश्नच त्यामुळे मिटला. एखादा पुढारी डोईजड होत असेल तर खापराच्या तुकड्यावर त्याचे नाव लिहून दहा वर्षांसाठी त्याला बाहेर पाठवण्याचा कायदाही क्लिस्थेनिसचाच मानला जातो. त्यासाठी ६००० मते लागत. अशी नावे कोरलेली दहा हजारांहून अधिक खापरे उत्खननात मिळाली आहेत. या कायद्याने इ.स.पू. ४८६ च्या सुमारास क्लिस्थेनिसचा सख्खा पुतण्या मेगाक्लीस यालाही बाहेर जावे लागले. काकाने केलेला कायदा पुतण्याला लागू झाला! आपल्याकडच्या काका-पुतण्यांच्या राजकारणात असे कधी घडेल का?

नव्या व्यवस्थेची परीक्षा लगेच झाली. इ.स.पू. ५०६ मध्ये तीन दिशांनी शत्रू चालून आले आणि अथेन्सने ते परतवले. हेरोडोटसने याचे कारण दिले आहे ते असे की, मालकासाठी राबणारा माणूस मुद्दाम कचरतो, स्वतःसाठी लढणारा मागे हटत नाही. इ.स.पू. ४९० मध्ये मॅरेथॉनच्या मैदानात अथेन्सची फौज याच दहा जमातींच्या रांगांनी उभी राहिली. तिथे पडलेल्या १९२ वीरांची नावेही जमातवार कोरली गेली. क्लिस्थेनिस मात्र सुधारणांनंतर इतिहासातून जवळजवळ नाहीसाच होतो. तो राजा झाला नाही, त्याने घराण्याची गादी चालवली नाही. प्रवासी पॉसानियसने अथेन्सच्या सार्वजनिक स्मशानभूमीत त्याची समाधी पाहिल्याची नोंद केली आहे, एवढेच.

प्रयोग कुठे थांबला

इथपर्यंत सांगून आरती ओवाळणे सोपे आहे. पण आपली परंपरा आरतीची नाही, चिकित्सेची आहे. अथेन्सच्या या लोकशाहीत स्त्रियांना जनसभेत जागा नव्हती. क्लिस्थेनिसने काही मुक्त गुलामांना नागरिक केले, पण गुलामगिरी मोडली नाही. पुढे याच लोकशाहीच्या काळात लॉरियमच्या चांदीच्या खाणीत हजारो गुलाम मरत होते आणि त्या चांदीवर अथेन्सचे आरमार उभे राहत होते. पिढ्यानपिढ्या अथेन्समध्ये राहून कर भरणाऱ्या परक्यांनाही मत नव्हते.

दुसरे असे की, जुनी कुळे, भाऊबंदांची मंडळे आणि वंशपरंपरागत पुजारीपदे क्लिस्थेनिसने जशीच्या तशी राहू दिली. राजकारणातून त्यांना बाहेर काढले, समाजातून काढले नाही. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पहिल्या नोंदणीत माणसाचे गाव त्याच्या राहण्यावरून ठरले, पण त्यानंतर ते बापाकडून मुलाकडे जाऊ लागले. मुलगा दुसरीकडे राहायला गेला तरी त्याची नोंद बापाच्याच गावात. बापाचे नावही लोकांनी सोडले नाही. सापडलेल्या खापरांवर अनेकदा बापाचे आणि गावाचे अशी दोन्ही नावे दिसतात. जन्माला दारातून बाहेर काढले आणि तो खिडकीतून परत आला.

इ.स.पू. ४५१ मध्ये तर पेरिक्लीसच्या प्रस्तावावरून कायदा झाला की, ज्याचे आई आणि बाप दोघेही अथेन्सचे तोच नागरिक. हा पेरिक्लीस क्लिस्थेनिसच्या पुतणीचा मुलगा. क्लिस्थेनिसची आई सिसिऑनची, म्हणजे परकी. हा कायदा आधी असता तर लोकशाहीचा जनक स्वतःच नागरिक ठरला नसता! ज्या घरातून वंशाविरुद्ध बंड झाले, त्याच घरातून दोन पिढ्यांत वंशशुद्धीचा कायदा आला. राजकीय समता मिळाली आणि सामाजिक समता मागे राहिली की काय होते, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही.

बाबासाहेब आणि ग्रीसचा इतिहासकार

क्लिस्थेनिसचा आणि आपला संबंध ओढूनताणून जोडलेला नाही. दि. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ग्रीसचा इतिहास लिहिणाऱ्या जॉर्ज ग्रोट यांच्या विचाराचा आधार घेतला. ग्रोट हे लंडनचे बँकर आणि संसदसदस्य. गुप्त मतदानासाठी ते संसदेत सतत झगडले. इ.स. १८४६ ते १८५६ या काळात त्यांनी ग्रीसचा इतिहास बारा खंडांत लिहिला आणि तोवर झुंडशाही म्हणून हिणवल्या गेलेल्या अथेन्सच्या लोकशाहीला न्याय दिला. घटनात्मक नीतीचा जो विचार बाबासाहेबांनी मांडला, तो ग्रोट यांनी क्लिस्थेनिसच्या सुधारणांचे विवेचन करतानाच मांडलेला आहे. कायद्याच्या चौकटीचा आदर, त्याच चौकटीत राहून सत्ताधाऱ्यांवर मोकळी टीका आणि विरोधकही हीच चौकट पाळेल हा विश्वास, असे त्याचे सार आहे. बाबासाहेबांनी पुढे बजावले की ही नीती माणसाच्या अंगी उपजत नसते, ती प्रयत्नाने रुजवावी लागते. आणि भारताची माती मुळात लोकशाहीची नसल्यामुळे ती रुजवणे इथे अधिकच गरजेचे आहे.

एक वर्षानंतर, २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात, त्यांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतल्या विसंगतीचा इशारा दिला. अथेन्सचा पुढचा इतिहास माहीत असलेल्याला त्या इशाऱ्याचे गांभीर्य लगेच कळते. त्याच भाषणात त्यांनी भिक्खू संघातल्या ठराव, गणसंख्या आणि मतदानाच्या नियमांची आठवण करून दिली होती. परंपरेने मानलेला बुद्धांचा काळ आणि क्लिस्थेनिसचा काळ हे जवळपास एकच आहेत. तेव्हा लोकशाही ही फक्त गोऱ्या लोकांची देणगी आहे, असेही आपल्या मुलांनी समजू नये.

वर्गात काय करावे

आपले अनेक बांधव-भगिनी शिक्षक आहेत. विहारांत, समाजमंदिरांत, अभ्यासिकांत मुलांचे वर्ग चालतात. तिथे हा धडा पुस्तकाशिवायही शिकवता येतो. तीस मुले असतील तर आधी त्यांना विचारावे की, तुम्ही आपणहून गट कराल तर कोणाबरोबर बसाल. बहुतेक जण आपल्या गल्लीतल्या, आपल्या ओळखीच्या मुलांबरोबर बसतील. मग घरांच्या अंतराप्रमाणे तीन पट्टे करावेत, प्रत्येक पट्ट्यातून चिठ्ठीने एकेक मूल काढून तीन-तीनचे दहा गट करावेत आणि प्रत्येक गटाला वर्गाचे एक खरे काम द्यावे. पाणी, पुस्तके, फळा, हजेरी. कोण काम करतो, कोण दुसऱ्याचे ऐकत नाही, कोण पहिल्यांदाच बोलला, हे महिनाभर पाहावे. क्लिस्थेनिसने काय केले ते मुलांना आपोआप कळेल.

आणि शेवटी त्यांना तीन प्रश्न विचारावेत. या गटांत मुलींना समान काम मिळाले का? वर्गाबाहेर गेल्यावर मुले पुन्हा जुन्याच गटांत गेली का? आणि पुढच्या वर्षी हे गट कोणी मोडू पाहिले, तर गुरुजी हजर नसताना मुले ते वाचवतील का? अथेन्सचे लोक तिसऱ्या प्रश्नात उत्तीर्ण झाले आणि पहिल्या दोन प्रश्नांत नापास झाले. आपल्या मुलांना तिन्ही प्रश्न सोडवायचे आहेत.